अडकलेली उधारी वसूल करायची आहे? सोलापुरात योग्य वकील कसा शोधावा

सोलापूरचा व्यापार उधारीवर उभा आहे. टॉवेल-चादर असो, सूत असो की भुसार, माल आधी जातो आणि पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. बहुतेक पार्ट्या पैसे देतात. जे देत नाहीत ते सहसा ‘नाही’ म्हणत नाहीत. ते ‘पुढच्या सोमवारी’ म्हणतात. अशा सोमवारांत दोन-अडीच वर्षं निघून जातात आणि मग धनको घाईघाईने भेटेल त्या वकिलाकडे जातो. उधारी बुडते ती बहुतेक वेळा या उशिरामुळे आणि चुकीच्या निवडीमुळे. मुळातली केस कमजोर असण्याचं प्रमाण त्यामानाने कमी असतं.

हा लेख पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी, कारखानदारांसाठी आणि हातउसने देऊन अडकलेल्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमानेच करा. वकिलाचं नाव शोधणं चौथ्या पायरीवर येतं, कारण आधीच्या तीन पायऱ्या झाल्याशिवाय कोणता वकील हवा हेच कळत नाही.

१. आधी तारखा काढा

एका कागदावर प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम, उधारीची मुदत आणि शेवटची जमा रक्कम कधी आली ते लिहा. मुदत कायदा १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायला ३ वर्षं मिळतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून ३ वर्षं, ठरलेली नसेल तर माल पोचवल्यापासून ३ वर्षं. हातउसन्या पैशांनाही ३ वर्षंच, आणि ती साधारणपणे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात. ‘मी मागितले तेव्हापासून’ हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेकांचे दावे मुदतबाह्य ठरतात.

मुदत नव्याने सुरू करता येते, पण ती संपण्याआधीच. देणेकऱ्याने ‘तुमचे इतके येणे आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं किंवा थोडी रक्कम भरून तशी नोंद त्याच्या अक्षरात वा सहीने झाली, तर त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षं मोजतात. म्हणून दर ३१ मार्चला खातेउताऱ्यावर पार्टीची सही-शिक्का घ्यायची सवय लाखमोलाची आहे. तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही. नुसत्या तुमच्या नोटिशीनेही वाढत नाही.

चेक असेल तर घड्याळ वेगळं आहे आणि ते दिवसांत चालतं. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत तो बँकेत भरायचा. परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून देणेकऱ्याला १५ दिवस. ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार. उदाहरणार्थ, ४ सप्टेंबरला परतीचा मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी) हातात पडला तर नोटीस ४ ऑक्टोबरच्या आत निघाली पाहिजे. ती १० ऑक्टोबरला पोचली, तर २५ ऑक्टोबरपर्यंत समोरच्याची मुदत. २६ ऑक्टोबरच्या आधी तक्रार केली तर ती अकाली म्हणून टिकत नाही, आणि २५ नोव्हेंबरच्या पुढे ढकलण्यात काहीच शहाणपण नाही. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं, पण त्या भरवशावर बसू नका.

२. फाइल बांधा

वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊन गोष्ट सांगितली तर तोही अंदाजाने सल्ला देईल. ही कागदं बिलाच्या तारखेप्रमाणे लावून न्या:

- सर्व बिलं, मागणीपत्र किंवा ऑर्डरचे मेसेज
- ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल, डिलिव्हरी चलनावरची पोचसही
- पार्टीचा पूर्ण खातेउतारा, पहिल्या व्यवहारापासून
- तुमच्या बँकेचं स्टेटमेंट, ज्यात त्या पार्टीची जमा दिसते
- मूळ चेक आणि परतीचा मेमो
- वचनचिठ्ठी, करारपत्र, हमीपत्र असेल ते
- जीएसटी विवरणपत्र, उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) दाखला
- पार्टीचं पूर्ण नाव, मालकी की भागीदारी की कंपनी, भागीदारांची नावं, दुकानाचा आणि घराचा पत्ता

परतीच्या मेमोकडे नीट बघा. त्यावर चेक क्रमांक, रक्कम, परतीची तारीख, कारण आणि बँकेचा शिक्का असायला हवा. शिक्क्याचा मेमो न्यायालयात पुरावा म्हणून गृहीत धरला जातो. बिनशिक्क्याचा संगणकी कागद घेऊन काउंटरवरून परतू नका. मेमो तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाला ते त्याच दिवशी मागे पेन्सिलने लिहून ठेवा. ३० दिवस मोजताना तीच तारीख लागते. कारणाच्या रकान्यात ‘शिल्लक अपुरी’ असेल तर सरळच आहे. ‘पैसे देणे थांबवले’, ‘खाते बंद’ आणि ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यांवरही तक्रार होऊ शकते, त्यामुळे असा शेरा बघून निराश होऊ नका.

माल मिळालाच नाही, ही देणेकऱ्यांची आवडती कैफियत असते. तिला सर्वांत चांगलं उत्तर जीएसटीत दडलेलं आहे. तुम्ही विवरणपत्रात दाखवलेल्या बिलावर त्याने कराचं क्रेडिट घेतलं असेल, तर माल मिळाला नाही म्हणणं त्याला जड जातं. शिवाय बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. नोटिशीत हा मुद्दा घालायला लावा.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका आणि फोन बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात तज्ज्ञाचा भागही असतो. नुसते स्क्रीनशॉट छापून देणं पुरत नाही.

तुमची स्वतःची भागीदारी फर्म असेल तर आणखी एक. फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली नसेल, तर भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ मुळे कराराच्या पैशांचा दावाच लावता येत नाही. बँकेत खातं आहे, जीएसटी आहे, म्हणजे फर्म नोंदलेली आहे असं होत नाही. दावा लावायच्या आधी हा दाखला हातात हवा.

३. तुमची वाट कोणती ते ओळखा

वसुलीच्या चार-पाच वाटा आहेत आणि प्रत्येकीचा सराव असलेले वकील वेगळे असतात. त्यामुळे आपलं प्रकरण कुठल्या वाटेचं आहे याचा अंदाज आधी स्वतः घ्या.

*चेक परत आलाय.* परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम १३८. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच न्यायालय चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं. तो अर्ज वकिलाने करावा लागतो, आपोआप होत नाही. सोलापूरकरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात ही तक्रार होते. पार्टी हैदराबादची असो की सुरतची, खातं सोलापुरात असेल तर आरोपीला इथे यावं लागतं.

*तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी आहे.* सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ चं मोठं हत्यार मिळालं आहे आणि ते फार कमी जण वापरतात. पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. लेखी ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुकरता परिषदेकडे (याच कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) ऑनलाइन करता येते, आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी पुरवठादाराच्या भागातली परिषद ते प्रकरण घेऊ शकते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अटी दोन: माल देण्याच्या आधी नोंदणी झालेली हवी, आणि तुम्ही नुसते व्यापारी असून चालत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल विणणारा कारखानदार या कायद्यात बसतो. तोच टॉवेल घेऊन पुढे विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला उद्यम क्रमांक मिळाला तरी तो प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता असतो, उशिराच्या पैशांसाठी नाही.

*चेक नाही, पण बिलं आणि कागद पक्के आहेत.* मग दिवाणी दावा. वचनचिठ्ठी, हुंडी किंवा ठराविक रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि बचाव करायची परवानगीही न्यायालयाकडे मागावी लागते. व्यापारी व्यवहार ३ लाख रुपये किंवा जास्तीचा असेल तर तो व्यावसायिक न्यायालय कायदा २०१५ खाली येतो. तिथे दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. तातडीचा मनाईहुकूम किंवा जप्ती हवी असेल तरच सूट मिळते. ही पायरी गाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण तरीही शेवटच्या महिन्यात धावपळ करायची वेळ येऊ देऊ नका.

*समोर कंपनी आहे आणि येणे १ कोटीच्या वर आहे.* तर दिवाळखोरी संहितेखाली मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. तो वसुलीसाठी बनवलेला नाही. कंपनी खरोखर बुडाली तर तुमच्यासारख्या माल पुरवणाऱ्याचा नंबर बँकांच्या मागे लागतो.

*शेतमालाचे पैसे अडत्याने दिले नाहीत.* आधी पट्टी (अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब) घेऊन बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि आवक शिक्क्याची प्रत ठेवा. अडत्याचा परवाना समितीच्या हातात असतो, त्यामुळे इथे वकिलाआधी समिती.

एक सापळा इथेच सांगायला हवा. चेकची तक्रार चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची ३ वर्षं थांबत नाहीत. चेकचा खटला चार वर्षांनी तांत्रिक कारणाने निकाली निघाला आणि तोवर दिवाणी मुदत संपलेली, असं होऊन हात रिकामे राहतात. रक्कम मोठी असेल तर दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवण्याबद्दल वकिलाला स्पष्ट विचारा.

४. नावं कुठून मिळवायची

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. म्हणून ‘१०० टक्के वसुलीची खात्री’ असं लिहिलेला फलक, फोन किंवा मेसेज दिसला की तिथेच सावध व्हा. बहुतेक वेळा मागे वसुली एजंट असतो.

चांगली नावं मिळतात ती अशी: तुमचे सीए किंवा कर सल्लागार, कारण कुणाची वसुली खरंच बँकेत जमा झाली हे त्यांना वह्यांवरून माहीत असतं; तुमच्या धंद्यातले इतर जण, यंत्रमागधारक संघ, चेंबर ऑफ कॉमर्स; तुमच्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा वसुली अधिकारी. शेवटचं नाव लोक विसरतात. पतसंस्था वर्षभर चेकच्या तक्रारी आणि दरखास्ती (निकालानंतरची वसुली) चालवतात, त्यांना कोण तारखेला हजर असतो आणि कोण नुसता ज्युनिअर पाठवतो हे पक्कं ठाऊक असतं. फक्त तो वकील तुमच्या देणेकऱ्याचंही काम बघत नाही ना, हे विचारून घ्या. नवी पेठेत आणि एमआयडीसीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्या बहुतेकांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. विडी वळणाऱ्या बाईने साठवलेले पन्नास हजार कुणी हातउसने नेऊन बुडवले असतील, तर तिच्यासाठी हा हक्क आहे, उपकार नाही. अर्ज साधा असतो.

नोटरीच्या टेबलाशी किंवा कोर्टाच्या फाटकाशी ‘साहेबांकडे नेतो’ म्हणणाऱ्या माणसामार्फत वकील करू नका.

५. नाव तपासा

दोन-तीन नावं हातात आली की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बसा. प्रकरणाची स्थिती बघायच्या पानावर राज्य महाराष्ट्र, जिल्हा सोलापूर, मग न्यायालय संकुल निवडा. सोलापूर, पंढरपूर, बार्शी अशी संकुलं वेगळी दाखवली जातात, म्हणून तुमचं प्रकरण जिथे चालणार तेच घ्या. वकिलाच्या नावाचा पर्याय निवडून आडनाव आणि नाव टाका. चालू आणि निकाली, दोन्ही याद्या बघा.

यादीत प्रकरणाच्या प्रकाराची आद्याक्षरं असतात. एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटले, चेकच्या तक्रारी बहुतांश यात असतात. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावे. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची (दिवाणी दाव्यातल्या निकालाच्या आदेशाची) अंमलबजावणी. ज्याच्या यादीत दरखास्ती दिसतात त्या वकिलाला निकालानंतरचं काम येतं, आणि पैसे तिथेच मिळतात. यादीत सगळे घटस्फोट आणि अपघात भरपाईचे दावे असतील तर तो वकील त्या क्षेत्रात उत्तम असेल, तुमच्या कामाचा नाही. एखादं निकाली प्रकरण उघडून रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) वाचा: वादीच्या बाजूने किती तारखा मागून घेतल्या, किती वेळा ‘वादी व वकील गैरहजर’ लिहिलं आहे. नावसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ शकतो, म्हणून सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) क्रमांकानेही शोधून बघा. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते. क्रमांक विचारला म्हणून कुठल्याही प्रामाणिक वकिलाला राग येत नाही.

६. पहिली भेट

‘वकीलसाहेब, आपण जिंकू का?’ हा प्रश्न मनात ठेवा. त्याऐवजी हे विचारा:

पैसे नेमके कुठून वसूल होतील? देणेकऱ्याची जागा, गाळा, यंत्रमाग, बँक खातं, त्याची इतरांकडची येणी, यातलं काय जप्त होण्याजोगं आहे? चांगला वसुलीचा वकील हा प्रश्न तुमच्या आधी स्वतःच विचारतो.

कोणती वाट, आणि का? शेवटची तारीख कोणती? ती त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा.

न्यायालयात उभं कोण राहणार? ज्युनिअर असणं गैर नाही, पण उलटतपास कोण घेणार हे आधी ठरलेलं बरं.

दावा सोलापुरात चालेल का? बिलावर ‘सोलापूर न्यायक्षेत्र’ छापलंय एवढ्याने काम भागत नाही. ऑर्डर इथे स्वीकारली, माल इथून ट्रान्सपोर्टला दिला, पैसे इथे द्यायचे होते, असं काहीतरी घडलेलं लागतं.

माझ्या बाजूत कच्चं काय आहे? याला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या वकिलाकडे जा.

आणि तुम्ही काही लपवू नका. रोखीने दिलेले पैसे, कच्च्या बिलावरचा माल, परत आलेला माल, मध्येच मिळालेली रोख, व्याजाचा दर: सगळं सांगा. विशेषतः परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा व्यवहार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ तुमच्यावरच उलटू शकतो. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने दिलं-घेतलं असेल तर आयकराचा प्रश्न येतो. हे वकिलाला उलटतपासाच्या दिवशी समजलं, तर तोवर सावरायची वेळ निघून गेलेली असते.

७. फीची बोलणी

वसुलीच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. ‘आलं तर तीस टक्के द्या’ हे ऐकायला गोड वाटतं, पण नियम मोडून सुरुवात करणारा पुढे तुमच्याशी कसा वागेल याचा विचार करा.

फी टप्प्यांत ठरवा: नोटीस, दावा किंवा तक्रार दाखल करणं, पुरावा, युक्तिवाद, आणि दरखास्त वेगळी. कोर्ट फी स्टॅम्प, टायपिंग, टपाल, बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा) खर्च यात आहे की बाहेर, ते लिहून घ्या. दिवाणी दाव्यात कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते आणि ती मोठी असू शकते. तिचा हिशेब पहिल्याच भेटीत मागा. पैसे बँकेतून द्या, रोख दिले तर पावती घ्या. तोंडी ठरलेली फी हे वकील-पक्षकार बिघाडाचं पहिलं कारण असतं.

८. वकीलपत्र आणि नोटीस

कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्रात पक्षकारांची नावं आणि कुठलं प्रकरण ते भरलेलं हवं. मूळ कागद दिले तर त्यांची यादी करून पोच घ्या, आणि प्रत्येकाची स्कॅन प्रत घरी ठेवा. मूळ चेक दाखल होईपर्यंत शक्यतो तुमच्याकडेच असू द्या.

नोटिशीचा मसुदा जाण्याआधी स्वतः वाचा, आकडा न् आकडा. चेकच्या नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागितलेली हवी. चेक ३,४०,००० चा आणि मागणी ३,०४,००० ची, अशी टायपिंगची चूकही तक्रार बुडवते. व्याज आणि खर्च मागायचा तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळा दाखवून. पार्टीने चेक दिल्यानंतर काही रक्कम भरली असेल तर पूर्ण रकमेचा चेक तसाच बँकेत टाकू नका. भरताना येणं चेकपेक्षा कमी असेल तर गुन्हाच होत नाही. आधी वकिलाला विचारा, चेकवर तशी नोंद करावी लागते.

नोटीस फर्मला आणि प्रत्येक भागीदाराला, कंपनी असेल तर कंपनीला आणि संबंधित संचालकांना, दुकानाच्या आणि घराच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने जावी. टपालाची पावती आणि ऑनलाइन ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा, नंतर ते दिसेनासं होतं. ‘घर बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आलेलं पाकीट फोडू नका. बंद पाकीटच पुरावा आहे.

९. प्रकरण चालू असताना

दाखल झालं की तुमच्या प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरची त्याची ओळख) मागून घ्या आणि ॲपवर तारखा स्वतः बघा. चेकच्या तक्रारीत फिर्यादी सतत गैरहजर राहिला तर तक्रार काढून टाकली जाऊ शकते, म्हणून कोणत्या तारखेला तुमची हजेरी लागते ते आदल्या दिवशी विचारा.

सर्वांत जास्त वेळ समन्स बजावणीत जातो. पार्टीने दुकान हलवलं, घर बदललं की समन्स परत येतं आणि दोन-दोन महिन्यांची तारीख पडते. नवा पत्ता शोधणं हे तुमचं काम आहे. वकील आणि बेलिफ ते करत नाहीत. जीएसटी क्रमांकावरून नोंदणीचा पत्ता ऑनलाइन दिसतो, ट्रान्सपोर्टवाल्याला डिलिव्हरीचं नवं ठिकाण माहीत असतं.

देणेकरी गाळा किंवा यंत्रं विकायच्या तयारीत आहे असं कळलं तर लगेच वकिलाला सांगा. निकालापूर्वी जप्तीचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खाली करता येतो. त्याला ‘तो विकतोय म्हणे’ एवढं चालत नाही. कुणाशी बोलणी, कुठे जाहिरात, कोणता दस्त, असा तपशील शपथपत्रात हवा.

पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देऊन दबाव आणायचा सल्ला बरेच जण देतात. पहिल्यापासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता येत असेल तरच तिकडे जा. नुसती उधारी थकली हा दिवाणी वाद आहे. आणि माणसं पाठवून धमकावलं तर खंडणीचा गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल, मग तुमचं खरं येणंही मागे पडेल.

वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो. जुन्या वकिलाची ना-हरकत घेणं ही रीत आहे, राहिलेली रास्त फी देणं हे आपलं कर्तव्य आहे. पण फी बाकी आहे म्हणून तुमची कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे.

१०. तडजोड आणि दरखास्त

निम्म्याहून अधिक रक्कम लवकर मिळत असेल तर तडजोडीचा गंभीरपणे विचार करा. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि प्रलंबित दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. चेकचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं आणि हप्ते थकले, तरी त्या निवाड्यावर दरखास्त लावता येते. कोर्टाबाहेर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन तक्रार मागे घेतली, तर ही ताकद हातची जाते.

दावा जिंकलात तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे, पण थांबू नका. दरखास्त लावताना देणेकऱ्याला त्याच्या मालमत्तेची माहिती शपथेवर द्यायला लावणारा आदेश २१ नियम ४१ चा अर्ज सोबतच करायला सांगा. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा तिथल्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो आणि तिथे स्थानिक वकील लागतो. इचलकरंजी किंवा हैदराबादच्या वकिलाचं नाव सोलापूरचा वकील देऊ शकेल का, हे सहाव्या पायरीलाच विचारलेलं चांगलं.

हप्त्यांनी द्यायचं ठरलं तर पुरसिसमध्ये (कोर्टात दाखल करायच्या लेखी निवेदनात) हप्त्याच्या तारखा, बँक खातं, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम वसूल करता येईल, ही अट घालून घ्या. पुढच्या तारखांचे चेक घेणार असाल तर प्रत्येक चेकची ३ महिन्यांची मुदत फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी टाका.